सल्ला हवा: आयटीआयची पोरं मिळतात, पण सेटर कसा तयार करायचा? (सीएनसी, शिरोली)

बिडाचा_जॉब (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं मशीनशॉप आहे. चार सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, एक व्हीएमसी (सीएनसीचं उभं मिलिंग मशीन), माणसं २२. फाउंड्रीतून बिडाची (ओतीव लोखंडाची) कास्टिंग येतात, आम्ही बोअर (आतलं गोल भोक) आणि फेस (सपाट बाजू) मारून देतो. आमचे सेटर काका, म्हणजे जॉबसाठी मशीन लावून माप बसवून देणारे, दिवाळीनंतर काम थांबवणार आहेत. गुडघे साथ देईनात. त्यांच्या जागी उभा राहील असा एकही जण शॉपमध्ये नाही, याची मला रात्री झोप लागत नाही.

पाच पोरं आयटीआय टर्नर पास आहेत. कष्टाळू आहेत. जॉब लावतात, सायकल स्टार्ट करतात, शीट भरतात. पण इन्सर्ट (कापणारं पातं) बदलल्यावर ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) किती द्यायचा म्हटलं की सगळे काकांकडे बघतात.

गेल्या महिन्यात एक लॉट परत आला. ८० मिमी बोअर, एच७, म्हणजे मापात सूट फक्त ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गिऱ्हाइकाकडे बोअर लहान निघाला, आमच्या शीटवर मात्र सगळी मापं बरोबर. काकांनी पोराला एवढंच विचारलं, "जॉब गरम असताना मोजलास काय रं?" तो हो म्हणाला. बीड २५ अंशांनी तापलं तर ८० मिमीचा बोअर २० मायक्रॉनच्या आसपास फुगतो. मशीनवरून काढल्या काढल्या बोअर गेज घातलं की माप बसतं, गार झालं की जातं. त्या पोराला दोन वर्षांत हे कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

विचारायचं आहे ते असं. पोरांना बाहेर कोर्सला पाठवू का? अप्रेंटिस घेण्यात अर्थ आहे का? आणि शिकवलं की पुण्याजवळ चाकणच्या मोठ्या कारखान्यांत निघून जातात, त्याचं काय करू?

निवृत्त_निदेशक

दादा, तीस वर्षं आयटीआयमध्ये शिकवलं, म्हणून सांगतो. पोरांना सेटिंग येत नाही कारण त्यांना सेटिंग करायला मिळालेलंच नसतं. अख्खी तुकडी आणि एक सीएनसी, तीही बंद पडली तर दुरुस्तीची वाट बघत बसायचं. कन्व्हेन्शनल लेथवर पोरगा तयार होतो. ऑफसेटचा हात मात्र कारखान्यातच बसतो, त्याला दुसरी जागा नाही.

अप्रेंटिस जरूर घ्या. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. ३० किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक. ४ ते २९ मध्ये ऐच्छिक, तुम्ही त्यात बसता. एनएपीएस या शिकाऊ उमेदवारांसाठीच्या योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं आणि तो थेट पोराच्या खात्यात जातो. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. पोरांच्या घरच्यांना त्या कागदाचं मोल फार असतं.

कळकळीची विनंती एकच. अप्रेंटिसला स्वस्तातला ऑपरेटर समजू नका. वर्षभर एकाच मशीनवर बटण दाबायला ठेवलेली पोरं मी पाहिली आहेत. वर्ष संपल्यावर त्यांना आधी येत होतं तेवढंच येत होतं.

श्टुटगार्टकर

मूळचा इचलकरंजीचा, इथे मशीनिंगच्या कारखान्यात आहे. जर्मनीत आमच्या ट्रेडची आउसबिल्डुंग (कामाचं प्रशिक्षण) साडेतीन वर्षांची असते, थोडे दिवस शाळेत आणि बाकी कारखान्यात. त्यातल्या दोन गोष्टी तुम्हाला उद्यापासून करता येतील.

पहिली, नोंदवही. शिकाऊ मुलगा काय केलं, काय शिकलो ते नियमित लिहितो आणि शिकवणारा वाचून सही करतो. "आज गार जॉब आणि गरम जॉब मोजला, फरक १८ मायक्रॉन" हे एकदा स्वतःच्या हातानं लिहिलं की विसरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इथे शिकवणारा ठरलेला असतो. शिकवता येतं याची त्याची वेगळी परीक्षा झालेली असते आणि शिकवण्याचे तास त्याच्या कामातच धरलेले असतात. आपल्याकडे काकांनी प्रॉडक्शनही काढायचं आणि जमलं तर पोराला दाखवायचं. प्रॉडक्शनची घाई असताना कोण दाखवणार?

मशिनिस्ट_ताई

मी मशिनिस्ट ट्रेड केला, आता व्हीएमसीवर सेटर आहे. मी शिकले ती एका काकांमुळे. शिफ्ट सुटल्यावर रोज अर्धा तास ते मला वाइस डायल करू द्यायचे, म्हणजे जॉब पकडायचा शिकंजा सुईच्या गेजनं सरळ लावू द्यायचे. पहिल्या दिवशी सुई शून्यावर यायला ४० मिनिटं लागली. ते मागे हात बांधून उभे राहिले, हात लावला नाही. तुमच्या काकांना सांगा, पोरं चुकली तरी मशीन हातातून काढून घेऊ नका. स्क्रॅपमधली चार कास्टिंग फक्त सरावाला ठेवा. आणि पाचही पोरगेच का? आयटीआयमधल्या मुलींनाही विचारा. स्वच्छ स्वच्छतागृह आणि शिफ्ट सुटल्यावर घरी जायची सोय, एवढं लागतं.

चाकणचा_सेटर

पोरं का जातात ते सांगतो, कारण मीही गेलोय. गावाकडच्या शॉपमध्ये मी सेटिंग शिकलो, पण पगार ऑपरेटरचाच राहिला. शेठला विचारलं तर म्हणाले, दिवाळीला बघू. तीन दिवाळ्या गेल्या.

पायऱ्या लिहून भिंतीवर लावा. मोजमाप पक्कं झालं की एवढी वाढ, ऑफसेट स्वतः द्यायला लागला की एवढी, नवीन जॉबचं पूर्ण सेटिंग केलं की एवढी. परीक्षा काकांनी घ्यायची आणि वाढ त्याच महिन्यात द्यायची. तरी एखादा जाईल. पण सगळे जाणार नाहीत, आईबाप सोडून कुणाला खोलीवर राहायची हौस नसते.

बाहेरच्या कोर्सचं म्हणाल तर छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची. तिथे सीएनसीचे छोटे कोर्स होतात. पण पाचही जणांना पाठवू नका. ज्याला प्रश्न पडतात त्याला पाठवा.

बिडाचा_जॉब (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकांशी बसून बोललो. दिवाळीनंतर मशीनवर उभं राहायचं नाही, आठवड्यातून तीन दुपारी फक्त शिकवायला यायचं, मानधन वेगळं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, खुर्ची तेवढी ठेवा.

सहा वह्या आणल्यात, सहावी माझ्यासाठी. आज एकच बोअर गरम असताना आणि दोन तासांनी गार झाल्यावर पाचही जणांकडून मोजून घेतला. ज्याचा लॉट परत आला होता, त्यानं विचारलं की मग बोअर गेज सेट करायची रिंगही जॉबजवळ ठेवायला नको काय, ती पण तापत असणार. टूल रूमला त्यालाच पाठवतोय.

ताई, दोन मुलींच्या अर्जांबद्दल आयटीआयमध्ये बोलून आलोय. स्वच्छतागृहाचं काम सोमवारी सुरू होतंय.