सिल्व्हरवर देखणी येणारी निगेटिव्ह निळ्यात का मार खाते?

काळा_कपडा

मंडळी, डोकं आपटून झालं, आता तुम्हाला विचारतो.

वर्षभर ४×५ वर, म्हणजे चार बाय पाच इंची फिल्मच्या मोठ्या कॅमेऱ्यावर काम करतोय. १५० मिमीची लेन्स, एचपी५ प्लस फिल्म, डी-७६ डेव्हलपर पातळ न करता २० अंशांना साडेसात मिनिटं. निगेटिव्ह बऱ्या निघतात. सिल्व्हर पेपरवर (अंधाऱ्या खोलीतला नेहमीचा फोटो-कागद) ग्रेड २ ला, म्हणजे मध्यम काँट्रास्टला, फारशी कुरबुर न करता छापल्या जातात. म्हटलं, आता सायनोटाइप करून बघू, म्हणजे कागदाला लोहक्षाराचा लेप देऊन उन्हात निळी प्रिंट काढायची जुनी पद्धत. निगेटिव्ह मोठी करून छापणारा एन्लार्जर नको, अंधारी खोली नको, ४×५ ची निगेटिव्ह थेट कागदाला चिकटवायची. सोपं वाटलं होतं.

दगडी जिना, मागे पांढरी भिंत, पायऱ्यांवर कठड्याची सावली असा फोटो आहे. उन्हात ८ मिनिटं ठेवला तर भिंत पांढरी येते, पण सावली नुसती आकाशी. १६ मिनिटं ठेवला तर सावली छान गडद, पण भिंतही निळी, जणू सगळ्या जिन्यावर धुकं उतरलंय. १२ मिनिटं म्हणजे दोन्हीकडचं वाईट एकत्र.

फेरिक अमोनियम सायट्रेट १०० मिलीत २५ ग्रॅम, पोटॅशियम फेरिसायनाइड १०० मिलीत १० ग्रॅम, दोन्ही समसमान, ब्रशने लेप, अंधारात वाळवणं. सगळं पुस्तकाबरहुकूम. कागद तीन प्रकारचे वापरले. त्यातल्या एकाने वेगळाच खेळ केला: धुताना निळा मस्त उठला आणि मग पाण्यात पडल्यापडल्याच फिकट होत पिवळटला.

प्रमाण चुकतंय की ऊन?

निळा_हात

दोन्ही नाही. निगेटिव्ह चुकतेय. म्हणजे निगेटिव्ह चांगलीच आहे हो, पण ती दुसऱ्याच कागदासाठी बनवलेली आहे.

ग्रेड २ च्या सिल्व्हर पेपरला निगेटिव्हच्या सगळ्यात पातळ आणि सगळ्यात दाट जागेत साधारण १.०५ डेन्सिटीचा (दाटपणाच्या मापाचा) फरक पुरतो. सायनोटाइपला तेवढ्यावर भागत नाही. मी वापरतो त्या कागदावर मला १.५ च्या आसपास लागतो. तुमची निगेटिव्ह या लांबलचक पट्टीचा मधलाच तुकडा व्यापते. तो तुकडा पांढऱ्याकडे सरकवा, सावली फिकट. गडदाकडे सरकवा, भिंत निळी. ८ आणि १६ मिनिटांत तुम्ही तेच तर केलंत.

माझ्या आकड्यावर जाऊ नका, स्वतः मोजा. २१ पायऱ्यांची स्टेप टॅब्लेट (पायरीपायरीने दाट होत जाणारी फिल्मची पट्टी) घ्या. तिच्यात दर पायरीला ०.१५ डेन्सिटी वाढते. तुमच्याच कागदावर, तुमच्याच लेपावर ती छापा, धुवा, पूर्ण वाळू द्या. (ओल्या प्रिंटवर विश्वास ठेवायचा नाही. वाळल्यावर निळा अजून गडद होतो.) सगळ्यात गडद निळ्यापासून कोऱ्या कागदापर्यंत किती पायऱ्या वेगळ्या दिसतात ते मोजा आणि ०.१५ ने गुणा. तेवढा फरक तुमच्या निगेटिव्हमध्ये हवा.

तो आणायचा डेव्हलपिंगमधून. वेळ वाढवला की दाट भाग भराभर चढतात, पातळ भाग जवळपास होते तिथेच राहतात. साडेसातऐवजी १० मिनिटांपासून सुरुवात करा. सावल्यांत मुळातच तपशील नसेल तर मात्र डेव्हलपर काही करू शकत नाही. तिथे कॅमेऱ्यातच एक्स्पोजर थोडं सढळ द्यायचं. आणि जवळचा विषय असेल तर भात्याचा (लेन्स आणि फिल्म यांमधल्या लांब-आखूड होणाऱ्या घडीदार भागाचा) हिशोब विसरू नका. १५० ची लेन्स आणि भाता २१० पर्यंत ओढलेला, म्हणजे एक्स्पोजर जवळपास दुप्पट. माझ्या सुरुवातीच्या निम्म्या पातळ निगेटिव्ह याच विसरभोळेपणाच्या.

मोठा कॅमेरा या कामाला का लागतो तेही यातच आलं. हा लेप अतिनील प्रकाशावर चालतो आणि भयंकर सुस्त आहे, एन्लार्जरचा दिवा त्याला जागही आणत नाही. निगेटिव्हएवढीच प्रिंट. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये ही पद्धत काढली तेव्हापासून हेच. पुढे इंजिनियर लोकांनी याच रसायनावर नकाशांच्या प्रती काढल्या, ‘ब्लूप्रिंट’ हा शब्द तिथूनच आलाय.

पिवळटलेल्या कागदाची गोष्ट वेगळी. त्यात टिकाऊपणासाठी कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असणार. हा निळा अल्कलीत टिकत नाही. कोऱ्या तुकड्यावर सल्फॅमिक ॲसिडच्या पाण्याचा थेंब टाका आणि तिरप्या उजेडात भिंगातून बघा. बारीक बुडबुडे आले तर कागद बाजूला ठेवा, किंवा आधी त्याच ॲसिडच्या पाण्यात भिजवून, धुवून, वाळवून मग लेप द्या.

ट्रे_क्र_३

निळा_हात यांच्याशी सहमत, एक भर. निगेटिव्हला दोष देण्याआधी लेप दिलेली एक पट्टी ऊन न दाखवता थेट पाण्यात टाका. कोरी झाली तर ठीक. निळसर राहिली तर तुमचं रसायन नाहीतर वाळवण्याची जागा फॉग (ऊन न लागताच चढणारा निळा) देतेय, मग निगेटिव्ह कितीही दणकट करा, भिंत निळीच येणार.

आणि कोणी सांगेल की लेपात पोटॅशियम डायक्रोमेटचे दोन थेंब टाका, काँट्रास्ट वाढतो. वाढतो हे खरं. पण ते कॅन्सरकारक आहे. घरच्या टेबलावर त्याच्या वाटेला जाऊ नका.

काळा_कपडा

तीन आठवडे गायब होतो, हिशोब देतो.

ऊन न दाखवलेली पट्टी कोरी झाली. पिवळट कागदावर बुडबुडे आले, इतके की भिंग लागलंच नाही. तो कागद आता फक्त टिपणं लिहायला. उरलेल्या दोनपैकी जाड कागदावर स्टेप टॅब्लेट छापली, ९ पायऱ्या मोजल्या. म्हणजे १.३५.

तोच जिना पुन्हा काढला, त्याच वेळी, तशीच सावली. दोन शीट: एक १० मिनिटं डेव्हलप केली, एक ११. अकरावाली लाइट टेबलवर बघून पोटात गोळा आला. भिंतीचा भाग काळाकुट्ट, सिल्व्हरच्या सवयीने म्हटलं, वाया गेली. छापली तर तीच सरस. पायऱ्यांच्या कडांवरचे छिन्नीचे घावसुद्धा सुटे दिसतात. यावेळी २० मिनिटं लागली.

एक शंका राहिली. निगेटिव्ह आणि कागद दाबून धरणाऱ्या फ्रेमची अर्धी पाठ उघडून मधे डोकावतो तेव्हा सावल्या निळ्या नसून राखेसारख्या, जरा चकाकणाऱ्या दिसतात. घाबरून १४ मिनिटांना काढलेली प्रिंट धुण्यात पार उतरली. म्हणजे राखेपर्यंत थांबायचंच?

निळा_हात

थांबायचंच. राख दिसली की सावली भरली. मग नजर भिंतीवर ठेवा. ती हवी त्यापेक्षा मळकट दिसू द्या, पाण्यात उजळते. पहिल्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून बघा, मधले टोन कमी वाहून जातात.

दहा मिनिटांची शीट फेकू नका. सेलेनियम टोनरमध्ये तिची डेन्सिटी थोडी चढवता येते. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून.