मदत हवी आहे: अल्गोन्क्विनमध्ये पहिल्यांदाच कनू कॅम्पिंग

नमस्कार मंडळी. आम्ही टोरांटोतले चौघे मित्र सप्टेंबरमध्ये इथल्या अल्गोन्क्विन पार्क या मोठ्या जंगलात तीन रात्री राहणार आहोत. 'कनू लेक' या तळ्यावरून निघायचं, मग सुमारे ३०० मीटर कनू (वल्हवायची हलकी, अरुंद होडी) खांद्यावर घेऊन चालायचं आणि 'जो लेक' या पुढच्या तळ्यावर तंबू टाकायचा. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक भरपूर केलेत, त्यामुळे चालण्याची काळजी नाही. पण वल्हवता फक्त एकालाच येतं आणि दोघांना पोहता येत नाही. लाइफ जॅकेट अंगातून काढायचं नाही हे पक्कं आहे. तरी वारा सुटला तर काठाकाठाने जाणं पुरेसं आहे, की थांबलेलंच बरं?

दुसरा प्रश्न जेवणाचा. पार्काच्या आतल्या भागात टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या चालत नाहीत, म्हणून मेतकूट-भात आणि भाजणीची थालीपीठं असा बेत आहे. काळी अस्वलं असतात, म्हणून शिधा रात्री झाडाला टांगणारच. पण लसणाच्या फोडणीचा वास कपड्यांना लागतो, त्याचं काय करता?

परतीच्या दिवशी हायवे ६० वरची ट्रॅक अँड टॉवर पायवाट करायची फार इच्छा आहे. वल्हवून दमल्यावर जंगलातले सातेक किलोमीटर झेपतात का? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.