अंगावर रोज पित्त उठतं: आहारातून नेमकं काय बंद करायचं, किती दिवस?

मानेवाडेकर
बहिणीला (वय 34) दिवाळीपासून अंगावर पित्त उठून राहिलं आहे. संध्याकाळ झाली की मांड्यांवर, पोटावर, सलवारच्या नाडीखाली लाल गांधी येतात, खाज थांबत नाही आणि सकाळी जागा साफ. लेव्होसेट्रिझिनची गोळी आहे, ती खाज सुटली की घेते. घरातल्यांच्या सल्ल्याने वांगं, दही, अंडी, शेंगदाणे, तूरडाळ, संत्री एकेक करत सगळं बंद झालं. वरून 200 पदार्थांची रक्ततपासणी केली, तर गहू-दूधही लाल रकान्यात. आता मुगाची खिचडी तेवढी उरलीय, वजन उतरतंय आणि गांधी आहेतच. काय बंद करायचं? आमसुलाचं पाणी पुरतं का?

लक्ष्मीनगर_आहार
भाऊ, आधी गहू, दूध, डाळी, अंडी ताटात परत आणा. त्या तपासणीत आयजीजी (रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं) मोजतात. जे नेहमी पोटात जातं त्याचं आयजीजी वाढलेलं दिसणारच, त्यावरून ॲलर्जी ठरत नाही. अन्नाची खरी ॲलर्जी खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसते, आणि तोच पदार्थ खाल्ला की दर वेळी दिसते. सहा आठवड्यांच्या वर रोज उठणाऱ्या पित्ताला एखादा पदार्थ कारण असणं विरळच. काहींना मात्र हिस्टामिन (अंगात सुटलं की खाज-गांधी आणणारं रसायन, काही पदार्थांतही असतं) जास्त असलेलं खाणं आणि कृत्रिम रंग-परिरक्षक यांनी ते चेततं. आहाराची चाचणी करायची ती एवढ्यासाठी.

गोळी खाज सुटल्यावर घेणं हीच मोठी गडबड. हिस्टामिन सुटून गेल्यावर गोळी मागून धावते. ती रोज ठरल्या वेळी घ्यायची. एका गोळीने भागत नसेल तर डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत नेतात, पण ते त्यांनी ठरवायचं, कारण झोप येते आणि मूत्रपिंडाचंही बघावं लागतं. मात्रा बसली की दोन आठवडे तशीच ठेवा. गोळी आणि जेवण एकाच वेळी बदललं तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

मग रोज रात्री वहीत दोन आकडे. गांधी: नाही 0, विसाच्या आत 1, 20 ते 50 असतील तर 2, त्याहून जास्त किंवा मोठे चट्टे 3. खाज: 0 ते 3. सात दिवसांची बेरीज 42 पर्यंत जाते. नेहमीच्या जेवणावर एक आठवड्याची बेरीज काढा, मग तीन आठवडे आहार पाळा. बेरीज दहाने तरी उतरली पाहिजे; दोन-चार गुण आपोआप खालीवर होतात. तीन आठवड्यांत उतरली नाही तर आहार तिथेच सोडा, वाढवत बसू नका.

धरमपेठची काकी
स्वयंपाकघरापुरतं मी सांगते. हिस्टामिन शिजवून जात नाही, कुकरच्या कितीही शिट्ट्या द्या. ते ठेवल्याने वाढतं, मासळी-मटणात सगळ्यात जास्त. म्हणून मटण आणलं त्याच दिवशी शिजवून त्याच जेवणात संपवायचं. उरलं तर लगेच फ्रीझरमध्ये. खालच्या कप्प्यात दोन दिवस ठेवलेला रस्सा या तीन आठवड्यांत नको. सुकी मासळी पूर्ण बंद.

आंबवलेलं सगळं बाजूला: इडली, डोसा, ढोकळा, लोणचं, आंबट दही-ताक, बिअर. चायनीजच्या ठेल्यावर तर सोया सॉस, व्हिनेगर, रंग तिन्ही एकाच प्लेटीत. भाज्यांत टोमॅटो, वांगं, पालक नको. संत्री-मोसंबीही तेवढे दिवस थांबवा. रंगीत बडीशेप, जेली, भडक केशरी बर्फी नको. पाकिटावर 102, 110 (रंग) किंवा 211 (परिरक्षक) दिसलं की परत ठेवा.

उरतं ते काही कमी नाही: फुलके, ज्वारीची भाकरी, भात, तुरीचं किंवा मुगाचं साधं वरण, दुधी, दोडका, ढेमसं, कोहळं, गाजर, बटाटा, ताजं दूध, तूप, घरी फाडलेलं पनीर. वरणाला टोमॅटो नसला की घरचे नाक मुरडतात, जिरं आणि लसूण थोडा जास्त घाला. खिचडीवर दिवस काढायचं कारणच नाही.

त्वचा_वाचक
वरचं सगळं बरोबर, पण मुहूर्त चुकेल. आता मार्च आहे. गोळी बसेपर्यंत एप्रिल उजाडेल, आणि नागपुरात एप्रिल-मेच्या घामात आकड्यांचा भरवसा राहत नाही. गांधी नाडीखाली येतात म्हणता, तर आधी हे करून बघा: पेनाच्या बोथट टोपणाने हाताच्या आतल्या बाजूला एक रेघ ओढा, जरा दाबून. दहा मिनिटांत ती दोरीसारखी फुगून वर आली तर त्वचा दाबाने-घासण्याने चेततेय. मग सैल सुती कपडे आणि रोजची गोळी यांचा उपयोग पथ्यापेक्षा जास्त.

दुसरा प्रकार घामाचा. गरम पाण्याची आंघोळ, जिना किंवा तर्री पोहे झाल्यावर काही मिनिटांत टाचणीच्या डोक्याएवढे बारीक दाणे येतात आणि बहुधा तासाभरात जातात. तिथे तर्रीचा दोष तिखटाने घाम फुटतो एवढाच; टोमॅटो सोडून काही मिळत नाही.

दुखण्याच्या गोळ्याही विचारा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिनने बऱ्याच जणांचं पित्त उसळतं, आणि पाळीच्या दुखण्याला घेतलेली गोळी कोणी वहीत लिहीत नाही. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. थायरॉइडची टीएसएच आणि अँटी-टीपीओ तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांशी बोला, वजन उतरतंय हेही सांगा.

मानेवाडेकर
रेघ ओढून बघितली, किंचित लाल झाली, फुगली नाही. म्हणजे आहार करून बघायला हरकत नाही ना? आणि आमसूल?

लक्ष्मीनगर_आहार
हरकत नाही, पण सप्टेंबरच्या शेवटाला सुरू करा. तोवर गोळी नियमित आणि ताट पूर्ण. आमसुलाचं पाणी लावून खाज घटकाभर शमते, पित्त उठणं थांबत नाही. प्यायला पेलाभर चालेल, चाचणीचे तीन आठवडे सोडून.

एखादी गांध 24 तासांच्या वर तिथेच राहिली, दुखली किंवा जाताना काळानिळा डाग ठेवून गेली तर त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागतो. ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास अडला किंवा चक्कर आली तर वही ठेवा आणि मेडिकल किंवा मेयो (नागपूरची सरकारी रुग्णालयं), जे जवळ असेल तिथल्या अपघात विभागात लगेच न्या. एखाद्या पदार्थाने असं झालं असेल तर तो घरी परत खाऊन बघायचा नाही.

धरमपेठची काकी
फरक पडला तर पदार्थ एकेक करून परत आणायचे, एकाला तीन दिवस: पहिल्या दिवशी अर्धी वाटी, दुसऱ्या दिवशी पूर्ण, तिसऱ्या दिवशी नुसतं बघायचं. उठलंच तर थांबा, अंग शांत झालं की तोच पदार्थ पुन्हा द्या. दोन्ही वेळा उठलं तरच नाव लिहा. सप्टेंबरअखेर सुरू केलंत तर चाचणी संपेपर्यंत अंबिया बहाराची संत्री बाजारात येऊ लागतील, पहिली परत तीच आणा. ताज्या फोडी द्या, बाटलीतला रस नको. त्यात परिरक्षक असलं तर दोष संत्र्यावर जाईल.