मदत हवी आहे: लोअरिंग स्प्रिंग आणि स्पेसर एकाच दिवशी बसवले, आता थरथर, टक्-टक् आणि घासणं तिन्ही सुरू

नमस्कार मंडळी. गाडी टोयोटा जीटी८६, चाकं कंपनीचीच म्हणजे १७ इंची, ७ इंच रुंद, ऑफसेट (चाकाच्या रुंदीचा मध्य आणि चाक हबला टेकतं तो चेहरा यातलं अंतर) ४८ मिमी, टायर २१५/४५ आर १७. गेल्या शनिवार-रविवारी मित्राला हाताशी घेऊन गाडी ३० मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या, आणि गाडी स्टँडवर आहेच तर होऊन जाऊ दे म्हणून पुढे १५ आणि मागे २० मिमीचे स्पेसर (हब आणि चाकाच्या मध्ये बसून चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) पण लावले. दोन्ही बोल्ट-ऑन प्रकारातले, म्हणजे स्पेसर गाडीच्या स्टडवर आवळायचा आणि चाक स्पेसरच्या स्वतःच्या स्टडवर. शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुनेच ठेवलेत, ५० हजार किमी झालेत पण गळती कुठेच नाही.

गाडी उभी असताना इतकी सुंदर दिसते की मी दहा वेळा मागे वळून बघतो. पण चालवायला घेतली की तीन गोष्टी त्रास देतायत:

१. साधारण ९० ला स्टीअरिंग थरथरायला लागतं, ११० च्या पुढे थोडं कमी होतं. ब्रेक दाबला तरी फरक नाही. आधी असं अजिबात नव्हतं.

२. पार्किंगमध्ये हळू वळवताना पुढून डावीकडून टक् असा आवाज येतो, प्रत्येक वेळी नाही, पण स्टीअरिंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेलं की हमखास, आणि तो टक् मला स्टीअरिंगमध्ये पण जाणवतो.

३. मागचा उजवा टायर मोठ्या खड्ड्यात फेंडरच्या कडेला घासतो. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर बारीक रेघ उमटलीये.

अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) अजून केलेली नाही, स्प्रिंगा बसायला थोडे दिवस देऊन मग करायची असं ठरवलं होतं. मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानेच) नट आवळलेत, टॉर्क रेंच वापरून. मागच्या आर्मचे बोल्ट मात्र गाडी स्टँडवर असतानाच पक्के केले, ते बरोबर केलं का याची पण शंका आहे. मला सुरुवात कुठून करू तेवढं सांगा, आणि तोपर्यंत गाडी चालवू की नको? रोज ४० किमी जाणं-येणं याच गाडीने आहे म्हणून जास्त काळजी वाटतेय.

---

नटबोल्ट:
आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. चालवू नका भाऊ, निदान चाकं काढून बघितल्याशिवाय तरी नाही. चाकात नवीन काहीतरी बसवल्यावर थरथर सुरू झाली तर ती बॅलन्सिंगची आहे असं धरून चालायचं नसतं, चाक नीट टेकलंय का हे आधी बघायचं. ९०-१०० ला येते आणि पुढे कमी होते यावरून बॅलन्सच वाटेल, पण स्पेसर अर्धा केस जरी तिरका बसला तरी लक्षणं हीच असतात.

चारही स्पेसर उतरवा. हबचा (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाचा) चेहरा आणि मधला उंचवटा, ज्यावर स्पेसरचं भोक बसतं (या गाडीत ५६.१ मिमी), तिथला गंज तारेच्या ब्रशने पार उघडा धातू दिसेपर्यंत घासा. उंचवट्याच्या मुळाशी एक गंजाचं कडं तयार होतं, ते वरून दिसत नाही आणि स्पेसर त्याच्यावरच अडतो. मग स्पेसर हाताने बसवून बघा, खडबड न करता मागे पूर्ण टेकला पाहिजे. स्पेसर हबसेंट्रिकच, म्हणजे भोक त्या उंचवट्यावर नेमकं बसणारा, आहे ना ते पण बघा, कारण भोक मोठं असलेला सरसकट स्पेसर फक्त नटांच्या भरवशावर मध्ये येतो. त्याच वेळी चाकाच्या मागच्या बाजूला स्टडची टोकं टेकल्याचे चकचकीत ठिपके आहेत का तेही पाहा. १५ मिमीच्या स्पेसरमधून कंपनीचा स्टड बाहेर डोकावतो, चाकात मागे खळगा असेल तर चालतं, नसेल तर चाक स्टडच्या टोकांवर उभं राहतं आणि नट कितीही आवळा काही उपयोग नाही.

नट किती फेरे आत जातोय तेही मोजा. स्टड १२ मिमीचा, आटे १.२५ मिमीचे, नट निदान स्टडच्या जाडीइतका आत हवा म्हणजे साधारण १० फेरे. ५-६ फेऱ्यांतच घट्ट होत असेल तर तो स्पेसर बाजूला ठेवा. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने तोच टॉर्क देऊनही स्टड जास्त ताणला जातो. हबच्या चेहऱ्यावर पातळसं लावलं तर चालेल.

---

वळणवाट:
टक् आवाजाबद्दल. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) आहे, म्हणजे स्टीअरिंग वळवलं की स्ट्रट आणि स्प्रिंग दोन्ही वरच्या माउंटच्या बेअरिंगवर फिरतात. स्प्रिंगचं खालचं टोक पर्चमधल्या (स्प्रिंग बसते त्या बशीतल्या) पायरीला टेकलेलं नसेल तर वळवताना स्प्रिंग गुंडाळल्यासारखी ताणली जाते आणि मग एकदम सुटते, तो टक्. तुम्ही लिहिलंय तो टोकाकडून टोकाकडे नेल्यावरचा आवाज मला तरी अगदी हाच वाटतो. एकाला स्टीअरिंगवर बसवा आणि दुसऱ्याने स्प्रिंगला बोटं नुसती टेकवून ठेवा (कॉइलच्या मध्ये घालायची नाहीत), उडी हाताला कळते.

ते ठीक असेल तर बेअरिंगच्या चकत्या उलट्या बसल्यात का, आणि वरचा मधला नट पूर्ण आवळलाय का ते बघायचं. तो नट इम्पॅक्ट गनने फिरवला असेल तर शॉकचा दांडा पण सोबत फिरतो आणि आतल्या सीलची वाट लागते, तिथे दांडा धरून पान्यानेच आवळायचं. स्प्रिंग पुन्हा सोडवायची तर स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी सारखा लावा आणि स्ट्रटच्या तोंडासमोर कोणी उभं राहू नका, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच.

---

मागचं_चाक:
मागच्या आर्मबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. रबरी बुशवाले (सांध्यातल्या रबरी नळीतून जाणारे) बोल्ट गाडी हवेत असताना पक्के केले तर बुश लोंबत्या स्थितीत धरला जातो, मग गाडी खाली आली की तो कायम पिळलेलाच राहतो. गाडी ठरल्यापेक्षा थोडी उंच बसते आणि बुश लवकर फाटतो. ते सगळे बोल्ट सैल करा, चाकं रॅम्पवर ठेवून किंवा आर्मखाली जॅक देऊन गाडीचं वजन येऊ द्या, दोनचार वेळा दाबून हलवा आणि मग टॉर्क द्या. अलाइनमेंट त्याच्यानंतर, आधी केली तर पैसे वाया.

घासण्याबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. चाक वर जाण्याची शेवटची हद्द स्प्रिंग ठरवत नाही, बंप स्टॉप (शेवटी आडवा येणारा मऊ अडथळा) ठरवतो. तुम्ही तो कापला नसेल तर चाक आधी जितकं वर जाऊ शकायचं तितकंच आताही जातं, फक्त आधी क्वचित जायचं आणि आता ३० मिमी प्रवास आधीच खर्च झाल्यामुळे वारंवार जातं. म्हणजे घासण्याचं मूळ कारण २० मिमीचा स्पेसर आहे, ऑफसेट ४८ चा २८ झाला. स्प्रिंगने ते उघड केलं इतकंच. मागे डबल विशबोन (वर-खाली आर्म असलेली रचना) असल्याने गाडी खाली आली की निगेटिव्ह कॅम्बर वाढतो, म्हणजे टायरचा माथा आत झुकतो, त्यानेच तुम्ही थोडक्यात वाचलात. उद्या अ‍ॅडजस्टेबल आर्म टाकून तो कॅम्बर कमी केलात तर घासणं वाढेल हे आधीच लक्षात ठेवा.

---

धागाकर्ता (पाच दिवसांनी):
सगळ्यांचे मनापासून आभार, तुम्ही थांबायला सांगितलं म्हणून चाकं काढून बघेपर्यंत गाडी उभी ठेवली आणि ते बरं झालं.

आधी फक्त स्पेसर काढले, बाकी कशालाच हात लावला नाही, आणि तसाच चक्कर मारून आलो. थरथर पूर्ण गायब, टक् तसाच. दोन्हीचं मूळ वेगळं आहे हे तिथेच कळलं, आणि एकाच दिवशी दोन्ही बसवण्याची घाई किती महागात पडली असती तेही. डाव्या पुढच्या हबच्या मुळाशी नटबोल्टदादांनी सांगितलं तसं गंजाचं कडं होतं, नखाला लागेल इतकं. स्पेसरच्या मागे एका बाजूला कागद सरकत होता, दुसऱ्या बाजूला नाही. घासून साफ केलं, आता सगळीकडून टेकतो. चाकाच्या मागे खळगे आहेत, स्टड कुठे टेकत नाहीत, नट ११ फेरे जातोय. पुढचे १५ पुन्हा लावले, १०० किमीनंतर टॉर्क पुन्हा तपासला, एकही नट हलला नव्हता, आणि ९० पासून ११० पर्यंत स्टीअरिंग शांत.

टक् पण सापडला. डाव्या स्प्रिंगचं टोक पायरीपासून दोन बोटं लांब होतं. उतरवून नीट बसवलं, आवाज बंद. मागचे बुशचे बोल्ट गाडी रॅम्पवर घेऊन पुन्हा आवळले, त्यानंतर मागची बाजू ५-६ मिमी अजून खाली आली, म्हणजे बुशच गाडी धरून बसले होते.

एक गोष्ट मात्र राहिलीये, स्पेसर लावल्यापासून पुढचं स्टीअरिंग रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमध्ये जास्त ओढतं. चाक बाहेर सरकल्याने स्टीअरिंगचा अक्ष जमिनीला टेकतो तो बिंदू आणि टायरचा मध्य यातलं अंतर बदलतं, त्यामुळे होतं असं वाचलं. हे अलाइनमेंटने थोडं तरी कमी होतं का, की १५ मिमी सोबत हे स्वीकारायचंच?

आणि मागचे २० चे स्पेसर अजून खोक्यातच आहेत. त्याऐवजी १० मिमीचे लावायचे तर ते बोल्ट-ऑन मिळत नाहीत, हबचे स्टड दाबून काढून लांब स्टड टाकावे लागतील. कोणी या गाडीवर मागचे स्टड हब न उतरवता बदललेत का? अलाइनमेंटची वेळ रविवारची घेतलीये, त्याआधी ठरवायचंय.