बँकॉक पाहिलेल्या नाशिककरांनो, तुमचे अनुभव सांगा

आमच्या सोसायटीत हल्ली सुट्टी लागली की कोणी ना कोणी बँकॉकला निघालेलं असतं. परत आल्यावर फोटो बघायला मिळतात ते मॉलचे आणि समुद्राचे. शहर कसं वाटलं, हे कोणी नीट सांगतच नाही. म्हणून हा धागा. जाऊन आला असाल तर मोकळेपणाने लिहा.

सुरुवात मी करतो. मला बँकॉक आवडलं ते चाओ फ्राया नदीमुळे. स्कायट्रेनच्या सफान ताक्सिन स्टेशनातून खाली उतरलं की साथोर्नचा धक्का. तिथून नारिंगी झेंड्याची बोट धरायची. बोटीत ऑफिसला निघालेली माणसं, गणवेशातली पोरं, भाजीच्या पिशव्या, आणि भिक्खूंसाठी राखून ठेवलेली जागा. मागे उभा असलेला कर्मचारी शिट्टीच्या सुरांवर चालकाला सांगतो, किती मागे घे, कधी थांब. दोर खुंटाला पडतो, माणसं चढतात-उतरतात आणि बोट निघालेलीसुद्धा असते. गोदाकाठी वाढलेल्या मला नदी म्हणजे स्नान, दशक्रिया आणि पावसाळ्यात ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं?’ ही चौकशी. नदीने रोज कामावर जाणारं एवढं मोठं शहर मी पहिल्यांदाच पाहिलं आणि दिवसभर नुसता बोटीतून हिंडलो.

पंचवटीतून

मी निवृत्त शिक्षिका. काळारामाच्या दर्शनाने दिवस सुरू होतो, त्यामुळे माझं लक्ष कुठे गेलं असेल ते ओळखा! राजवाड्याच्या आवारात पाचूच्या बुद्धाचं मंदिर आहे. त्याला वेढणाऱ्या ओवरीच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय, एकूण १७८ चित्रं. तिथे त्याला रामाकिएन म्हणतात. बँकॉक राजधानी झालं १७८२ मध्ये. ती वसवणाऱ्या पहिल्या रामा राजानेच पुढे हे काव्य लिहवून घेतलं. आजच्या राजालाही दहावा रामा म्हणतात.

बाकी मंडळी पुढे गेली, मी मात्र भिंतीला चिकटून चालत होते. सोनेरी हरीण सापडलं तेव्हा अंगावर काटा आला. हे आपल्या इथलं, सीता गुंफेच्या परिसरातलं! पण कथा पुष्कळ बदललेली आहे. सीता तिथे रावणाची मुलगी. हनुमान पांढराशुभ्र, आणि ब्रह्मचारी मुळीच नाही. सेतूसाठी टाकलेले दगड रावणाची मत्स्यकन्या पळवते, मारुती तिला अडवायला जातो आणि तिच्याच प्रेमात पडतो. त्यांचा मुलगा अर्धा वानर, अर्धा मासा. आपल्या मकरध्वजाची आठवण झालीच. सोबतच्या एक काकू रागावल्या, ‘हे काय भलतंच!’ मला राग नाही आला. इतक्या लांब, वेगळ्या धर्माच्या राजाने आपल्या देवळाच्या भिंती रामकथेला दिल्या, प्रत्येक मुकुटावर सोन्याची रेघ ओढून घेतली. मला तर तिथून हलवेना.

परतताना विमानतळावर समुद्रमंथनाचं प्रचंड शिल्प आहे. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर, मध्ये वासुकी. ज्या अमृतासाठी आपल्याकडे सिंहस्थ भरतो, त्याचीच गोष्ट! न बघता विमानात बसू नका.

सिडकोतून

मी लिहीन साएन साएप कालव्याबद्दल. वाहतूक तुंबली की लोक या बोटी पकडतात. पाणी काळं, वास आपल्या नासर्डी नदीसारखाच, पण बोट सुसाट. तिकीट काढणारा हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालतो, कारण पूल अगदी डोक्याशी येतात. पाणी उडायला लागलं की काठाला बसलेल्याने दोरी ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर घ्यायचा. मी बसलो तेव्हा शेजारच्या आजींनी नुसती मान हलवली आणि मला कळलं, आज ही ड्युटी माझी.

सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं. सगळे आहेत तिथे उभे राहतात. आपणही थांबावं.

नाशिकरोडहून

राजवाड्याबाहेर एखादा गोड बोलणारा ‘आज बंद आहे, पूजा चालू आहे’ म्हणून टुकटुकमध्ये बसवायला बघतो आणि रत्नांच्या दुकानात नेतो. थेट तिकीट खिडकीपर्यंत चालत जा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही.

दिंडोरीहून

आम्ही द्राक्षवाले, म्हणून ओ तो को हा फळांचा बाजार आणि पाक ख्लोंगचा फुलबाजार मुद्दाम बघितला. फुलबाजार रात्रभर चालतो. आपला झेंडू तिथे ढिगाने, पण माळा बघा! मोगऱ्याच्या कळ्या इतक्या घट्ट ओवलेल्या की दोरा दिसत नाही. फळांच्या बाजारात आंबा, फणस, डुरियन सोलून, गरे लावून ठेवतात. गिऱ्हाईक आतलं फळ बघून घेतं. मालाची अशी मांडणी आपल्या बाजारांतही यावी असं मनापासून वाटतं.

इंदिरानगरहून

शाकाहारींचं काय? आणि आईला गुडघ्यांचा त्रास आहे, जमेल का?

इंदिरानगरच्या ताईंना

जमेल. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं तर तिथे ‘जे’ जेवण मिळतं. त्यात मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नाही. इतर ठिकाणी भाजीतही माशाचा सॉस असतो, आधी विचारा. आईंना वॉट फो मंदिरात न्या. ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध एका सपाट दालनात आहे. मागच्या बाजूला १०८ कांस्यपात्रं आहेत, सुटी नाणी घेऊन एकेक टाकत जायचं. समोरच्या ता तिएन धक्क्यावरून होडीने नदीपलीकडे वॉट अरुण मंदिर. त्याच्या पायऱ्या फार उभ्या, आईंनी खालूनच बघावं. एप्रिल टाळा, ऊन सोसवत नाही. आणि तिथे पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे. सरकारी साइटवर ते फुकट भरता येतं, कोणी पैसे मागितले तर देऊ नका.