मदत हवी: बॉबकॅटला ब्रेकर घेऊ की ऑगर? लवकर सांगा

साखळी_बांधकाम:
मंडळी, सेकंडहँड बॉबकॅट (छोटा लोडर) घेतलाय. सोबत फक्त बकेट आली. डिचोली-साखळी भागात घरांची आणि कंपाउंडची लहान कामं असतात. पाऊस उघडला की दोन साईट सुरू करायच्या आहेत. बजेटमध्ये एकच अटॅचमेंट बसते. विकणारा म्हणतो ब्रेकर (दगड फोडायचा), आमचा ऑपरेटर म्हणतो ऑगर (खांबांचे खड्डे पाडायचा). काय घेऊ? अनुभव असेल त्यांनीच लिहा, उद्यापर्यंत आगाऊ रक्कम द्यायची आहे.

चिरेखण:
ब्रेकर, डोळे झाकून. आपल्याकडे थोडी माती काढली की जांभा दगड लागतो. बकेटचे दात झिजवत बसणार काय? शिवाय तुमचं काम नसेल तेव्हा भाड्याने देता येतो.

फोंडा_हायड्रॉलिक:
साखळीबाब, मॉडेल कोणतं? हल्ली सगळ्याच स्किड लोडरना बॉबकॅट म्हणतात. ऑक्झिलरी फ्लो, म्हणजे अटॅचमेंटला मिनिटाला मिळणारं तेल, किती लिटर? रेटेड कपॅसिटी, म्हणजे सुरक्षित उचलायचं वजन, किती? टायर की ट्रॅक? हे सांगितल्याशिवाय कोणीही काहीही सुचवलं तरी ते हवेत. साध्या फ्लोवर लहान ब्रेकर, ऑगर चालतात. झुडपं कापायचा मल्चर किंवा रस्ता खरवडायचं मिलिंग यांना बहुतेक वेळा हाय-फ्लो लागतो.

पेडण्याचो:
टायरवालं मशीन रस्त्यावरून न्यायचं तर आरटीओची नोंदणी आणि विमा आहे ना बघा. सेकंडहँडमध्ये कागद आधी नावावर करून घ्यावेत. ट्रेलरवर चढवून नेलंत तर मशीन पट्ट्यांनी चारही बाजूंनी बांधा आणि बकेट खाली टेकवा.

साखळी_बांधकाम:
कागद नावावर झाले, ते विचारलं नव्हतं. टायरचा आहे. प्लेटवर फ्लो ६५ लिटर, कपॅसिटी ६०० किलोच्या आसपास. आता सांगा.

वाळपईकर:
माझं ऐका, हे विका आणि मिनी एक्स्कॅव्हेटर घ्या. लोडर जागच्या जागी वळला की लाल मातीत खड्डे पाडतो, आणि पेव्हरवर वळवला तर मालक भांडायला येतो.

चिरेखण:
विकायचं कशाला? माणूस अटॅचमेंट विचारतोय. मिनी एक्स्कॅव्हेटर माती उचलून टिप्परमध्ये भरेल, पण पुढे ढकलून सपाट कोण करणार?

वाळपईकर:
त्याला पुढे ब्लेड असतं. लहान साईटला तेवढं पुरतं.

फोंडा_हायड्रॉलिक:
तुमची भांडणं नंतर. साखळीबाब, सगळ्यात जास्त वेळ आणि मजुरी कुठे जाते? खणण्यात, की माल वाहण्यात?

साखळी_बांधकाम:
वाहण्यात. पाया जेसीबीवाला येऊन खणून जातो, तिथे अडचण नाही. जांभ्याच्या चिऱ्यांचा ट्रक वाड्यात शिरत नाही, चिरे रस्त्याकडेला उतरतात. तिथून डोक्यावरून न्यावे लागतात. माणसंच मिळत नाहीत. सिमेंटचंही तेच.

फोंडा_हायड्रॉलिक:
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! मग ब्रेकरही नको, ऑगरही नको. पॅलेट फोर्क घ्या, म्हणजे पॅलेटवर (लाकडी फळ्यांवर) रचलेला माल उचलायचे दोन दांडे. त्याला हायड्रॉलिक पाइप लागत नाही, देखभाल जवळपास शून्य. एक चिरा २५-३० किलोचा धरा. १५ चिऱ्यांचं पॅलेट ४५० किलोपर्यंत जातं, म्हणजे तुमच्या मशीनला झेपेल. पण ६०० ची कपॅसिटी बहुधा बकेटवर मोजलेली असते. फोर्कवर वजन पुढे सरकतं तशी ती कमी होते, त्यामुळे २० चिरे भरायची हाव नको. चढावर माल चढाकडच्या बाजूला ठेवून चालवा आणि फोर्क जमिनीलगत ठेवा.

चिरेखण:
फोर्क कशाला? चिरे बकेटमध्ये भरून न्या, पैसे वाचतील.

कुडचडे_गवंडी:
नका. बकेटमधून ओतले की चिऱ्याचे कोपरे उडतात. मग ओळ लागत नाही, सांध्यात जास्त मसाला घालावा लागतो. पॅलेटवर हाताने रचलेला चिरा तसाच्या तसा भिंतीपाशी येतो. आणि खाणीतून ताजा काढलेला चिरा आणखी मऊ असतो, उघड्यावर राहूनच तो घट्ट होतो. त्याला तर जपूनच हाताळायचा.

वाळपईकर:
आता चिरा परवडतो कुणाला? आमच्याकडे सगळे सिमेंट ब्लॉककडे वळले.

कुडचडे_गवंडी:
चिऱ्याचं घर उन्हाळ्यात थंड राहतं. ब्लॉकच्या घरात मे महिन्यात बसून बघा.

फोंडा_हायड्रॉलिक:
दोघांनी तो वेगळा धागा काढा. साखळीबाब, जांभा फोडायची वेळ आलीच तर ब्रेकर भाड्याने आणा. पण समोर जाड पॉलीकार्बोनेटचं दार नसेल तर ऑपरेटरला बसवू नका, कपच्या थेट केबिनकडे येतात. आणि ब्रेकर उन्हात पडून असेल तर आतलं तेल फुगतं, कपलर (पाइपचा जोड) बसत नाही. हातोडा मारू नका. आधी सावलीत थंड करा. तरीही दाब राहिला तर तो सोडायचं काम मेकॅनिकचं. बारीक छिद्रातून आलेलं तेल कातडीत घुसतं, त्याला इस्पितळ गाठावं लागतं.

चिरेखण:
ऑगरबद्दल कोणी काही बोललंच नाही. कंपाउंडच्या खांबांना उपयोग नाही का?

फोंडा_हायड्रॉलिक:
मातीत मस्त. जांभ्याचा कडक थर लागला की साधा बिट (ऑगरचं टोक) नुसता घासत बसतो, रॉक बिट लागतो. चार खांबांसाठी भाड्याचा पुरे.

साखळी_बांधकाम:
फोर्क बघायला जातोय. विकणाऱ्याकडे दोन प्रकारच्या फ्रेम आहेत. माझ्या मशीनला कोणती बसेल ते कसं ओळखू?

फोंडा_हायड्रॉलिक:
बकेट काढून मशीनच्या क्विक-अटॅच प्लेटचा (जिथे अटॅचमेंट अडकते) समोरून फोटो टाका, शेजारी मोजपट्टी धरून. दोन्ही लॉकच्या पिना खाली पूर्ण उतरतात का तेही बघा. जुन्या मशीनमध्ये त्याच झिजलेल्या असतात. फ्रेम नेऊन प्रत्यक्ष लावून, पिना बसलेल्या दिसल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.