झालरीला कापड किती लागेल?

ताई, समुद्रकाठचा भास यावा म्हणून चार फुटी खिडकीच्या झालरीला अडीच मीटर निळं-पांढरं पट्ट्याचं कापड घ्यायचं आणि शिंपले लावायचे म्हणताय. एवढं नको, ४४ इंच पन्ह्याचं सव्वा मीटर पुरतं. १८ इंचाच्या दोन आडव्या पट्ट्या कापून जोडा, म्हणजे चुण्या छान पडतात. वरची नळी दोन इंचांची ठेवा, दांडी सहज सरकते. नळी आणि दुमडी जाऊन झालर १४ इंच उतरते. सुती कापड मात्र आधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर शिवल्यावर आटेल.

आपल्या लातूरकडच्या उन्हात, विशेषतः पश्चिमेच्या खिडकीत, निळा रंग फार लवकर विटतो. म्हणून आतून मांजरपाटाचं अस्तर लावाच. समुद्रकाठचा भास निळ्या-पांढऱ्यातून येतोच, शिंपले टाकू नका; वाऱ्याने काचेवर आपटतात. खाली सुतळीची कड शोभेल.